आमच्या घरी वेगळं मोजायचे

लिथुआनियातल्या विल्निअसहून येऊन दीड महिना झाला. बॅगा माळ्यावर गेल्या, फोटो सगळ्यांना दाखवून झाले, तिथून आणलेली मधाची बरणी तळाला आली. एक वाक्य मात्र अजून मनातून जात नाही. मी जिथं उतरले होते त्या घरच्या बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात पातेल्यात अंडी सोडत होत्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. त्याच्या मिनिटभर आधी आम्ही दोघी खळखळून हसलो होतो. मग त्या वळल्या, पाण्यात एकेक अंडं अलगद सोडायला लागल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी वेगळं मोजायचे." एवढंच. पुढं काही नाही, गॅस बारीक केला आणि झाकण ठेवलं. मीही तेव्हा काही विचारलं नाही. तेव्हाच का विचारलं नाही, हेच मला इतके दिवस टोचतंय.

मी तेहतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. आठवी ते दहावी, "देवः देवौ देवाः" पासून सुभाषितांपर्यंत. लिथुआनियन भाषा संस्कृतच्या फार जवळची आहे, हे कॉलेजात असताना सरांनी एकदा फळ्यावर दोन रांगा काढून दाखवलं होतं. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे त्यांचे. सूनु आणि सूनुस, मुलगा. अवि आणि आविस, मेंढी. अग्नि आणि उग्निस. धूम आणि दूमाय. मधु आणि मेदुस. दंत आणि दांतिस. नक्त आणि नाक्तिस. वीर आणि व्यीरस, म्हणजे तिथं नुसता पुरुष. त्या दोन रांगा मी वहीत उतरवून घेतल्या आणि नंतर दरवर्षी माझ्या वर्गात, पहिल्या पावसाच्या सुमारास मुलांचं लक्ष खिडकीबाहेर जायला लागलं की, फळ्यावर काढत आले. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. निवृत्तीनंतर भाचीकडे वॉर्साला जायचं ठरलं तेव्हा मी तिला पहिलं हेच म्हटलं, की मला चार दिवस विल्निअसला जाऊ दे. ती म्हणाली, "मावशी, प्राग बघ, व्हिएन्ना बघ, क्राकूव बघ. विल्निअसला कोण जातं?" तिला रजा नव्हती. मी एकटी गेले.

वॉर्साहून सकाळी गाडीत बसलं की दुपारी मोत्स्कावा नावाचं एक स्टेशन येतं, रानाच्या कडेला. तिथं सगळे उतरतात, फलाट ओलांडतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसतात. कारण अलीकडचे रूळ युरोपच्या मापाचे आणि पलीकडचे रशियन साम्राज्यानं घातलेले, आठ-नऊ सेंटीमीटर जास्त रुंद. पलीकडच्या गाडीत बसलं की घड्याळही तासभर पुढं करायचं. मग खिडकीबाहेर नुसती पाईनची झाडं, मध्येच कापलेलं गवत आणि विजेच्या खांबांवर करकोच्यांची मोठाली घरटी. जुलैचा पहिला आठवडा होता. लिथुआनियनमध्ये जुलै महिन्याचं नाव 'लिएपा' आहे, म्हणजे लिंडनचं झाड. नाव कशावरून पडलं ते विल्निअसच्या स्टेशनातून बाहेर पडताच कळलं. रस्ताभर त्या फुलांचा वास, कोमट मधासारखा, आणि त्यात मिसळलेला ट्रॉलीबसच्या तापलेल्या रबराचा.

हालेस तुर्गुस म्हणजे तिथली मंडई. स्टेशनापासून चालत दहा मिनिटं, १९०६ साली बांधलेली, वर लोखंडी सांगाड्याचं उंच छत. आत गेलं की आधी धुरावलेल्या मासळीचा वास येतो, मग आंबट काकडीचा, मग शेपूचा. शेपूच्या जुड्या अशा रचलेल्या की आमच्या मंडईत कोथिंबीर असते तशा. आपल्याकडे शेपू म्हटलं की अर्धं घर नाक मुरडतं. तिथं बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, मासळीवर शेपू, काकडीच्या बरणीत शेपूचे अख्खे तुरे. मधाच्या गाळ्यावर एक आजी बसली होती, डोक्याला रुमाल, बोटं कामानं जाड झालेली. मी बरणीकडे बोट करून म्हटलं, "मेदुस." तिनं मान डोलावली आणि भराभर काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मी वीस युरोची नोट दिली. तिनं सुट्टे पैसे माझ्या तळहातावर एकेक करून मोजायला सुरुवात केली. नाण्यांवर तलवार उगारलेला घोडेस्वार. सहा, मग "सेप्तीनी", मग "अश्तुओनी". मी उभ्या जागी शहारले. तेहतीस वर्षं जे फळ्यावर खडूनं लिहीत होते ते एका बाईच्या तोंडून, माशांच्या वासात, सुट्ट्या पैशांबरोबर माझ्या हातावर पडत होतं. सप्त. अष्ट.

त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघर.

मी उतरले होते ते घर स्टेशनामागच्या नाउयिनिंकाय भागात होतं. जुनी दुमजली लाकडी घरं, अंगणात करवंदासारखी झुडपं, कपडे वाळत घातलेले. बाई साठीच्या. आयुष्यभर औषधाच्या दुकानात काम केलेलं, मुलगा डब्लिनला असतो, त्याच्याकडे जाऊन येऊन इंग्रजी शिकलेल्या. एक खोली त्या प्रवाशांना देतात. मी मंडईतली गोष्ट सांगितली आणि वही काढून दाखवली. त्यांना फार मजा वाटली. मी संस्कृत शब्द म्हणायचा, त्यांनी त्यांचा म्हणायचा. मग म्हणीवर आलो. त्यांच्याकडे म्हणतात, देवानं दात दिले, तोच भाकरीही देईल: द्येवस दावे दांतिस, द्येवस दुओस दुओनोस. ऐकताना अर्थ सांगावाच लागत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे चोच दिली त्यानं चाराही दिला म्हणतात. त्या म्हणाल्या, तुमचा देव पाखरांचा, आमचा माणसांचा. मग आम्ही आकडे म्हटले. मी "द्वे, त्रीणि", त्या "दू, त्रीस". मी "पञ्च", त्या "पेंकी". "सप्त", "सेप्तीनी". "अष्ट", "अश्तुओनी". "नव", "देवीनी". "दश", "देशिम्त". दहाला पोहोचलो आणि टाळी दिली, अगदी आपल्यासारखी, हातावर हात. आणि मग त्या वळल्या, अंडी घेतली आणि ते वाक्य म्हणाल्या.

अंडी सोडताना त्यांचे ओठ हलत होते. द्वा, त्शी, च्तेरी. वॉर्साला आठवडाभर भाजी आणताना ऐकून ऐकून एवढं पोलिश माझ्या कानाला ओळखीचं झालं होतं.

नंतर जेवायला बीटचं गार सूप होतं, शाल्तिबार्श्चेय. ताकासारख्या केफिरमध्ये किसलेलं बीट, बारीक चिरलेली काकडी, उकडलेलं अंडं आणि भरपूर शेपू. रंग असा गुलाबी, की खावं की साडीला द्यावा असं वाटावं. बरोबर वेगळ्या ताटलीत वाफाळते बटाटे. एक घोट गार, एक घास गरम. काळ्या राईच्या पावात जिऱ्यासारखे दाणे होते, चावताना मध्येच त्यांचा वास यायचा. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी खिडकीतून ऊन ताटावर पडत होतं. आम्ही पुष्कळ बोललो, मुलाबद्दल, गुडघ्यांबद्दल, पुण्यातल्या पावसाबद्दल. आकड्यांबद्दल नाही.

रात्री उजेड जाईना आणि मला झोप येईना. आजी आठवत राहिली. वडिलांची आई. तिचं माहेर धारवाडकडचं, लग्न होऊन गडहिंग्लजला आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी तिला पाहिलं तोवर ती मराठीच बोलायची, आमच्याशी, शेजारणींशी, देवाशीसुद्धा. पण मोजायची कानडीत. सुगीला ज्वारी मोजायला बसली की मापटं भरायचं, वर हातानं सपाट करायचं, पोत्यात ओतायचं आणि पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं. पहिलं माप एक म्हणून मोजायचं नाही, लाभ म्हणायचं, हे आपल्याकडेही आहे. पण लाभ झाला की पुढं ती तिच्या वाटेनं जायची. एरडु, मूरु, नाल्कु. आवाज बारीक, डोळे मापट्यावर, मध्येच कुणी बोललं तर हातानं थांबवायची. मराठीत हिशेब विचारला तर उत्तर मराठीत द्यायची, पण मधला सगळा प्रवास कानडीत. सीमाभागात त्या वर्षांत वातावरण कसं होतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना काका एकदा तिला म्हणाले, "आई, आता लोकांसमोर तरी मराठीत मोज." ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेपासून ओठातल्या ओठात मोजायला लागली.

आणि मी. मी पहिलीत होते, नुकती शंभरपर्यंत अंकलिपी पाठ झालेली. मी तिच्याजवळ बसून तिचं चुकतं म्हणून दुरुस्त करायची. "आजी, आठ म्हण. आठ." ती हसायची, माझ्या गालाला ज्वारीची धूळ लावायची आणि म्हणायची, "बरं, आठ." तिच्या आवाजातलं ते 'आठ' मला आजही ऐकू येतं, जरा लांबवलेलं, पाहुण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी शहरात फिरले ते वेगळ्या कानांनी. सकाळी आउश्रोस वार्तायला गेले, म्हणजे पहाटेची वेस. जुन्या तटबंदीच्या वेशींपैकी एवढी एकच उरली आहे. वर एक छोटं देवघर आहे, त्यात मेरीचं मोठं चित्र, अंगाला सोन्याचांदीचा मुलामा, फक्त चेहरा आणि हात उघडे, बाळ नाही, हात छातीशी घेतलेले. भिंतीवर दाटीनं चांदीचे पत्रे ठोकलेले: हृदय, पाय, हात, डोळे. नवसाचे. जोतिबाला, यल्लम्माला वाहिलेले चांदीचे डोळे मी लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे इथं मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. खाली रस्त्यावर लोक वर बघून थांबत होते, क्रूस करून पुढं जात होते, एक म्हातारी तर दगडावर गुडघे टेकून बसली होती. वर प्रार्थना पोलिशमध्ये चालू होती. थोड्या वेळानं तीच लिथुआनियनमध्ये सुरू झाली, तेव्हा काही माणसं उठून गेली आणि काही आत आली. कुणी कुणाला धक्का दिला नाही. पण खोली दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली.

या शहराची एक शिरगणती १९३१ साली झाली होती. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, नाव विल्नो, लिथुआनियाची तात्पुरती राजधानी कौनास. लोकसंख्या सुमारे एक लाख पंचाण्णव हजार. प्रत्येकाला मातृभाषा विचारली होती. तिघांत दोघांची पोलिश. चौघांत एकाहून जास्त लोकांची यिडिश किंवा हिब्रू, म्हणजे पंचावन्न हजारांच्या आसपास ज्यू. आणि लिथुआनियन? शंभरात एकसुद्धा पुरता नाही. शिरगणती पोलिश सरकारनं केलेली, तेव्हा तिला सरकारचा हात लागलेला असणार, हे धरूनही हा आकडा मला पेलला नाही. मी जी प्राचीन भाषा ऐकायला आले होते, ती या रस्त्यांवर माझ्या आजीच्या तरुणपणी जवळपास ऐकूच येत नव्हती.

पण लगेच दुसरं पारडंही आठवलं, आणि ते तितकंच जड आहे. झारच्या सरकारनं १८६४ पासून चाळीस वर्षं लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तक छापायला बंदी घातली होती. छापायचं तर रशियन लिपीत छापा म्हणून. मग लोकांनी सरहद्दीपलीकडे प्रशियात पुस्तकं छापून घेतली आणि रात्री पाठीवर गाठोडी बांधून आणली, गवताच्या गाड्यांत, शवपेट्यांत लपवून. पकडले गेले ते सैबेरियाला गेले, काही सरहद्दीवर गोळी लागून पडले. या माणसांना तिथं 'क्निग्नेशिस' म्हणतात, पुस्तक वाहणारा. प्रार्थनेची पुस्तकं, पंचांगं आणि मुलांच्या अंकलिप्या. अंकलिपीसाठी माणूस जीव धोक्यात घालतो, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. मी फक्त दोन रांगा काढत होते.

दुपारी जुन्या गावातल्या त्या गल्ल्यांत गेले जिथं १९४१ च्या सप्टेंबरात ज्यूंना कोंडलं होतं. विल्निअसला त्याआधी लिथुआनियाचं जेरुसलेम म्हणायचे. मोठ्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या जागी आता मोकळं पटांगण, खोदकामाच्या खुणा. युद्धात जखमी झालेली ती इमारत सोव्हिएत राजवटीनं पन्नाशीच्या दशकात पाडून टाकली आणि त्या जागी शाळा बांधली. एका भिंतीवर रंगाखालून जुन्या दुकानाची पाटी वर आलेली, हिब्रू अक्षरांतली. कॉफीवाल्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, लिंडनची पिवळसर फुलं टेबलांवर पडत होती, सगळं सुंदर होतं. झेमायतियोस नावाच्या रस्त्यावर मी बराच वेळ उभी राहिले. तेव्हा त्याचं नाव स्ट्राशुन होतं आणि क्रमांक सहाला घेट्टोचं, म्हणजे त्या कोंडवस्तीचं वाचनालय होतं. ग्रंथपाल हेर्मान क्रुक. कोंडलेल्या जागेत, उपाशी, रोज माणसं नेली जात असताना हा माणूस पुस्तकं देत होता, घेत होता आणि नोंद ठेवत होता. १९४२ च्या डिसेंबरात त्यांनी समारंभ केला, कारण एक लाखावं पुस्तक वाचायला दिलं गेलं होतं. पंधरा महिन्यांत एक लाख. घेट्टोत तेव्हा जेमतेम वीस हजार माणसं उरली होती. मी शाळेचं ग्रंथालयही सांभाळलंय काही वर्षं. पुस्तक देताना मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारीख घालायची, रजिस्टरात रेघ मारायची, महिनाअखेर रेघा मोजायच्या, ते काम हाताला माहीत आहे. क्रुकनं त्या रेघा यिडिशमध्ये मोजल्या असतील. एय्न्स, त्स्वेय, द्राय. १९४४ च्या सप्टेंबरात एस्टोनियातल्या छावणीत त्याला मारलं, आदल्या दिवशी त्यानं आपल्या वह्या साक्षीदारांसमोर पुरून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी पानेर्यायला गेले. जावं की नाही हे रात्रभर ठरत नव्हतं. लोकल गाडीनं दहा-पंधरा मिनिटं, मग रुळांच्या कडेनं चालत. पाईनचं रान, उन्हात डिंकाचा वास, खाली ब्लूबेरीची बुटकी झुडपं, त्यांना निळी फळं लागलेली. मी एक तोडलं आणि मग खाववेना, हातातच राहिलं. रानात मोठे गोल खड्डे आहेत. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सैन्यानं इंधनाच्या टाक्या पुरायला खणले होते. जर्मन आले, त्यांना आयते सापडले. तीन वर्षांत इथं सुमारे सत्तर हजार ज्यू आणि त्यांच्याबरोबर हजारो पोलिश माणसं आणि सोव्हिएत युद्धकैदी गोळ्या घालून मारले. आता खड्ड्यांच्या उतारावर गवत कापलेलं असतं. वेगवेगळे दगड उभे आहेत, वेगवेगळ्या लिपींत.

खड्ड्यांपासून जवळच एका घरात काझिमेझ साकोविच नावाचा पोलिश पत्रकार राहत होता. त्याला खिडकीतून दिसायचं. तो रोज लिहून ठेवायचा, कागदाच्या चिठोऱ्यांवर, कॅलेंडरच्या कडांवर: आज इतके ट्रक, इतकी माणसं, इतके वाजता सुरू, इतके वाजता बंद. चिठोऱ्या लिंबू सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत घालून अंगणात पुरायचा. तो युद्ध संपायच्या आधीच मारला गेला. बाटल्या नंतर सापडल्या. त्यानं दुसरं काही केलं नाही, करू शकला नाही, तो मोजत राहिला.

आणि गोळ्या घालणारे? हुकूम जर्मनांचे होते. पण बंदुका धरणाऱ्यांत तिथल्याच लिथुआनियन तरुणांची एक तुकडी होती. साकोविचच्या टिपणांतही ते आहेत. माणसं दहा-दहाच्या टोळ्यांनी पुढं नेत. कुणीतरी मोजत असणार. तिथं त्या गवताच्या कडेला उभी असताना मला ते ऐकू आलं, ऐकायचं नव्हतं तरी. सेप्तीनी, अश्तुओनी. मंडईत ज्यानं मी शहारले होते तेच शब्द. मी फळाकडे बघितलं तर ते चिरडून बोटं जांभळी झाली होती.

परतीच्या गाडीत समोर एक बाप आणि चार-पाच वर्षांची मुलगी बसली होती. ती खिडकीबाहेरचे खांब मोजत होती, मोठ्यानं, सातानंतर चुकत होती, बाप न कंटाळता पुन्हा सुरू करून देत होता. तिच्या आवाजातही तेच शब्द. मी तिच्याकडे बघून हसले, तिनं जीभ काढून दाखवली. भाषेचा काय दोष, असं म्हणून मला मोकळं होता आलं नाही आणि तिचा गोडवा नाकारताही आला नाही. दोन्ही एकाच डब्यात बसून विल्निअसपर्यंत आलं.

त्या रात्री मी विचारलं. तीन दिवस लागले मला. बाई बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. दूर गावावरून गरम हवेचे फुगे चालले होते, संध्याकाळी तिथं ते नेहमी दिसतात, जुन्या मनोऱ्यांच्या वर लाल-पिवळे, आवाज न करता. मी विचारलं, "तुमच्या घरी कसं मोजायचे?" त्या लगेच बोलल्या, जणू वाट बघत होत्या. आजी विल्निअसच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली. घरात पोलिश आणि तिथली एक साधी बोली, बेलारूसीसारखी, ती बोलणारे तिला नुसतं 'साधं बोलणं' म्हणतात. युद्धानंतर पोलिश माणसं आगगाड्या भरभरून पोलंडला गेली, आजी गेली नाही, गाय व्यायली होती म्हणून. सरकारी माणूस कागद भरायला आला, तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर आजी म्हणाली, "तुतेइशी." म्हणजे इथले. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा म्हणाली, इथले. बाई शाळेत गेल्या त्या आधी रशियन, मग लिथुआनियन शिकल्या. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी लिथुआनियन बोलल्या, नवरा लिथुआनियन, मुलगा लिथुआनियन. "पण गोळ्या मी बाप्चाच्या भाषेतच मोजायची," त्या म्हणाल्या. बाप्चा म्हणजे आजी. "औषधात चूक चालत नाही ना."

एवढं बोलून त्यांनी झारी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे? तुम्ही मला पुस्तकातलं मोजून दाखवलंत. घरचं दाखवा."

मी मराठीत मोजलं असतं तर तेही घरचंच होतं. पण माझ्या तोंडून आजी आली. मापटं हातात असल्यासारखा हात आपोआप वळला. "लाभ," मी म्हटलं, आणि लाभ म्हणजे काय ते सांगितलं, ते त्यांना फार आवडलं. मग एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आरु. एळु. आणि थांबले.

पुढचं येईना. ओंबत्तु आठवत होतं, हत्तु आठवत होतं, मधला एक आकडा नव्हता. मी पुन्हा लाभपासून सुरू केलं, वेगानं, म्हणजे घसरत पलीकडे जाईन म्हणून. एळु. आणि मग 'आठ'. तिथं प्रत्येक वेळी 'आठ' येऊन बसत होतं, आजीच्या आवाजातलं, जरा लांबवलेलं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, ओल्या मातीचा, आणि आम्ही फुगे बघत बसलो, शेवटचा दिसेनासा होईपर्यंत.

सकाळी त्यांनी वाटेसाठी काळा पाव, चीज आणि उकडलेली अंडी बांधून दिली. अंडी पिशवीत ठेवताना मोजली, या वेळी ऐकू येईल अशी. येदेन, द्वा, त्शी, च्तेरी. चार माणसांचं खाणं होतं ते, मी एकटी. स्टेशनापर्यंत पोचवायला आल्या. लिंडनचा वास पावसानं जरा बसला होता.

भाचीला फोन करून विचारता आलं असतं, धारवाडच्या चुलत बहिणीला विचारता आलं असतं, फोनवर नुसतं टाइप केलं असतं तरी क्षणात मिळालं असतं. मी काही केलं नाही. करकोचे गेले, कापलेलं गवत गेलं, कौनास गेलं. मोत्स्कावाला गाडी थांबली आणि सगळे उठले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अंड्यांची पिशवी, मी फलाटावर उतरले. पलीकडच्या गाडीपर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. पाय आपोआप मोजत होते. दारातला दांडा धरला, पाऊल पायरीवर ठेवलं, आणि कुठूनही नाही, ज्वारीच्या धुळीच्या वासासकट ते आलं.

एंटु.

मागचा माणूस आत जायला थांबला होता.